एक व्हायच्या बोलीवर वाटणी

पुणे-नाशिक रस्त्यावर, सातगाव पठाराच्या तोंडाशी आमचं पेठ. पावसाळ्यात इथं माणसं बटाट्याविषयी बोलतात, उरलेलं वर्ष बांधाविषयी. अशा गावात बसून मी रात्री ओपन सोर्सचं काम करतो. म्हणजे लोकांच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट दुरुस्त्या करतो. त्यातलं ‘फुकट’ आप्पांना अजून पचलेलं नाही.

परवा त्यांनी विचारलं, “आज काय केलंस?”

“ब्रँच काढली. मूळ कोड ‘मेन’मध्ये जागच्या जागी राहतो. मी माझ्या ब्रँचमध्ये हवा तो धुडगूस घालायचा. त्यांना पटलं तर मेनमध्ये मर्ज करतात.”

“म्हंजी वाटणी.”

“वाटणीच. पण परत एक व्हायच्या बोलीवर.”

आप्पा पोट धरून हसले. तलाठ्याच्या पायऱ्या झिजवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय.

या ब्रँच सांभाळणारं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन म्हणजे गिट. त्याचा जन्मही तंट्यातलाच. लिनक्सची मंडळी याच कामाला आधी बिटकीपर नावाचं साधन वापरायची. २००५ मध्ये त्याची फुकट वापरायची सवलत बंद झाली आणि लिनस टॉरवाल्ड्सनं त्याच एप्रिलमध्ये, थोड्या दिवसांत, गिट लिहून स्वतःची चूल मांडली. त्यात ब्रँच म्हणजे सहसा ४१ बाइटची फाइल: शेवटच्या कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, ४० अक्षरी क्रमांक आणि ओळ संपल्याची खूण. मोजणी नाही, स्टॅम्प नाही, पंचांचा चहा नाही.

खरा खेळ पुल रिक्वेस्टला, म्हणजे ‘माझी ब्रँच मेनमध्ये घ्या’ या अर्जाला. आमच्याकडे फेरफाराला हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. इथं परमुलखातला कुणी सद्गृहस्थ मध्यरात्री उठून सांगतो, ‘सातव्या ओळीत एक स्पेस जास्त आहे.’ ती काढेपर्यंत मेन पुढं गेलेली असते. मग हुकूम येतो: रिबेस करा. म्हणजे माझं सगळं काम उचलून नव्या मेनच्या टोकावर पुन्हा बसवायचं. तेवढ्यात तीच ओळ दुसऱ्या कुणी बदललेली असली की कॉन्फ्लिक्ट. गिट बाणांच्या खुणा करून दोघांचं म्हणणं एकाखाली एक मांडतं आणि बाजूला होतं. निकाल देत नाही. आप्पांच्या मते सरकारी नोकरीला एकदम लायक.

आप्पा भाळले ते मात्र ‘गिट ब्लेम’वर. फाइलमधल्या प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणी आणि कधी लावला, हे ती आज्ञा नावानिशी सांगते. बांधावरची बाभळ कुणी तोडली, ते आता त्यांना याच मार्गानं काढायचंय.

मर्ज झाल्यावर ब्रँच पुसून टाकायचं बटण येतं. काम मेनमध्ये राहतं, इतिहासही राहतो. आप्पांनी घाबरून विचारलं, “आन् सह्या?”

तुम्हालाही यात उतरायचं असेल तर सुरुवात माहितीपुस्तिकेतल्या एखाद्या चुकीपासून करा. आधी मेन ताजी करून घ्या. एका ब्रँचमध्ये एकच काम ठेवा आणि तेच नावात लिहा. ‘नवीन-फायनल-खरंच-फायनल’ असं नाव दिलंत, तर पहिली हरकत माझी.