भावना बाजूला ठेवू

"भावना बाजूला ठेवू," असं म्हणून एखादा माणूस चष्मा पुसायला घेतो, तेव्हा कुणाचा तरी निकाल लागणार हे समजून चालावं. सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत आणि साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत दर गल्लीत असा एक तरी माणूस असतो. संघमालक त्याला ओळखत नाहीत, खेळाडूंनी त्याचं तोंड पाहिलेलं नसतं. पण कुठल्या जुन्या खेळाडूला ठेवायचं आणि कुठल्याला देऊन टाकायचं हा विषय निघाला, की शेवटची सही आपलीच राहिलीय अशा थाटात तो पुढं सरकून बसतो. आमच्या गल्लीत हे खातं अण्णांकडे आहे.

अण्णा एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले, आणि तिथली भाषा घरी घेऊन आले. खेळाडूला ते 'खातं' म्हणतात. फलंदाज चार सामन्यांत लवकर बाद झाला की 'खातं थकलं'. जुन्याच खेळाडूला जुन्याच भावात आणखी एक वर्ष ठेवलं, की 'नवं-जुनं केलं'. हे शेवटचं ते अशा चेहऱ्यानं म्हणतात, की सोसायटीचं कर्ज मार्चअखेरीला नवं-जुनं करून घेणाऱ्या आमच्यातल्या दोघातिघांना उगीच पाय आखडून घ्यावेसे वाटतात.

लिलावाचा किंवा खेळाडू राखण्याचा हंगाम आला की अण्णा गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं काढतात. पाठच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं रकाने आखतात: नाव, वय, दुखापत, भाव, आणि शेवटी एक अरुंद रकाना, 'घरचं आहे का?' पहिल्या चार रकान्यांवर ते तासभर बोलतात. पाचव्यावर बोट ठेवलं, की काकूंना चहाचं विचारतात.

वयाचं त्यांचं माप अस्सल सांगलीचं आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर आली की इशारा, ४५ वर गेली की धोका. अण्णांनी हीच पट्टी माणसांना लावलीय. कबड्डीत तिशी ही इशारा पातळी, पस्तिशी धोका पातळी. क्रिकेटला आणखी तीन-चार फूट चालतात. "अमका खेळाडू किती वर्षांचा?" असं ते विचारत नाहीत. "पाणी कुठवर आलंय?" असं विचारतात. धोनीचं काय, असं कुणीतरी मुद्दाम विचारलंच. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामासाठी चेन्नईनं त्याला ४ कोटींत 'अनकॅप्ड', म्हणजे देशाकडून न खेळलेला, म्हणून ठेवलं होतं, कारण सलग पाच वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेला भारतीय खेळाडू नियमानं त्या रकान्यात बसवता येतो. आम्हाला वाटलं अण्णा भडकतील. अण्णा मात्र हरखले. "दोन वर्ल्डकप जिंकलेला कप्तान, आणि नवशिक्यांच्या यादीत! कोण ओ ह्यांचा अकाउंटंट? एंट्री बघा कशी बसवलीय!"

पण अण्णांची खरी परीक्षा झाली ती कबड्डीत. अनुप कुमार म्हणजे यू मुंबाचा तेव्हाचा कप्तान. २०१४ ते २०१६ या काळात प्रो कबड्डीच्या पहिल्या तिन्ही हंगामांत त्यानं संघाला अंतिम सामन्यात नेलं, २०१५ मध्ये जिंकूनही दिलं. २०१७ च्या लिलावाआधी यू मुंबानं एकट्या त्यालाच राखलं. अण्णांचा निकाल तयार होता: पाणी ३३ फुटांवर, सोडून द्या. मग त्याच लिलावात यू मुंबानं वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके ४८ लाखांना घेतला, सांगलीचा नितीन मदनेही घेतला, आणि अण्णांचा सूर रातोरात बदलला. "आता अनुप पाहिजेच की! पोरांना सांभाळून कोण घेणार?" पाचवा रकाना कामाला लागला तो असा.

पुढच्या वर्षी, २०१८ ला, यू मुंबानं कुणालाच राखलं नाही. अनुप लिलावात जयपूरकडे गेला आणि त्याच हंगामात, डिसेंबरमध्ये, त्यानं निवृत्ती जाहीर केली. अण्णा म्हणाले, "सोडायला नको होता." आम्ही २०१७ चा कागद काढून दाखवला. त्यावर त्यांच्याच अक्षरात 'सोडा' लिहिलेलं होतं. अण्णांनी कागद हातात घेतला, नीट वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. "दोन्ही वेळेला माझंच बरोबर होतं," म्हणाले. "मालकाची वेळ चुकली."

अण्णांच्या विरुद्ध बाजूला त्यांचे मेहुणे आहेत, साताऱ्याचे. बरीच वर्षं फौजेत काढलेला माणूस. येताना कंदी पेढे आणतो आणि तेवढेच शब्द बोलतो जेवढे पेढे आणलेत. अण्णा त्यांना 'फौजी' म्हणतात, ते अण्णांना 'दाजी'. फौजींच्या लेखी एका निशाणाखाली लढलेला माणूस दुसऱ्या निशाणाखाली जात नाही, विषय संपला. त्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईनं रवींद्र जडेजा राजस्थानला देऊन संजू सॅमसन घेतला, तेव्हा अण्णांच्या घरी दोन दिवस भडंगसुद्धा कुणी शांतपणे खाल्लं नाही.

"दाजी, २०२३ ची फायनल आठवा. दोन बॉल, धा रन. एक शिक्स, एक फोर. कुणी मारली?"

"भावना बाजूला ठेवू, फौजी. दोन मिनिटं मालकाच्या खुर्चीत बसा. जडेजा सदतिशीला आला. सॅमसन एकतीस. वर राजस्थानकडे जाताना जडेजाचा भाव १८ कोटींवरनं १४ वर आला. ह्याला म्हणायचं खातं वेळेत निकाली काढणं."

"तेरा वर्सं खाल्लेल्या मिठाचं काय?"

"मधली दोन वर्सं चेन्नईवर बंदी हुती, ती वजा करा."

यावर फौजी काही बोलले नाहीत, पेढ्याचा बॉक्स तेवढा आपल्या बाजूला ओढून घेतला. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, की आयपीएलमध्ये असा सौदा खेळाडूच्या संमतीशिवाय होत नाही आणि जडेजा २००८ ला मुळात राजस्थानकडूनच सुरू झाला होता. म्हणजे गडी आपल्या मर्जीनं जुन्या घरी गेला. फौजींना हे पटलं. "मग बदली न्हवं ती. होम पोस्टिंग." अण्णांना ते फारसं रुचलं नाही, माणूस स्वतःहून गेला म्हटल्यावर निकाल देण्यातली गोडीच जाते.

अण्णांचा पुतण्या अमेरिकेत असतो, तोही अशा वेळी फोनवरून तेल ओततो. डॅलसच्या बास्केटबॉल संघानं फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला पंचवीस वर्षांचा लुका डॉनचिच लॉस एंजेलिसला दिला आणि बदल्यात एकतीस वर्षांचा अँथनी डेव्हिस घेतला. तिथं खेळाडूला विचारण्याची पद्धत सहसा नाही. करारात तशी अट असली तरच. अण्णांनी कॅलेंडर उलटं-सुलटं करून पाहिलं. वय उलटं लिहिलं गेलंय का, म्हणून पुतण्याला दोनदा विचारलं. "पंचवीसचा दिला आणि एकतीसचा घेतला? तारण काय ठेवलं?" तो सौदा करणाऱ्या व्यवस्थापकाला नोव्हेंबरात काढून टाकल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी अण्णांनी गल्लीत सगळ्यांना चहा पाजला. आपल्या विभागातल्या कुणाचं तरी निलंबन व्हावं इतका तो त्यांना जवळचा विषय होता.

स्मृती मानधनाबद्दल मात्र कागद आखला जात नाही. पहिल्या महिला लीगच्या लिलावात, २०२३ ला, बंगळुरूनं तिच्यावर ३ कोटी ४० लाख लावले, पुढच्याच वर्षी तिनं करंडक आणला. "पण समजा अण्णा, आणखी सात-आठ वर्षांनी..." असं एका पोरानं सुरू केलं. अण्णांनी त्याला त्याच्या बापाचं थकलेलं कर्ज आठवून दिलं. सांगलीच्या पोरीचं पाणी मोजायचं नसतं.

खेळाबाहेर हा माणूस निकाल कसा देतो हे पाहायचं असेल, तर त्यांच्या जिन्याखाली बघावं. तिथं 'प्रिया' स्कूटर उभी आहे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली, फौजींच्या वडिलांनी नंबर लावून घेतलेली. तिला डाव्या अंगावर कलती केल्याशिवाय ती सुरू होत नाही, आणि हल्ली अण्णांनाही वाकल्यावर सरळ होताना वेळ लागतो, त्यामुळे सकाळी जिन्याखाली दोघांचंही बराच वेळ चाललेलं असतं. १५ वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आरटीओत नेऊन दाखवावी लागते. अण्णा हे सगळं निमूटपणे करतात. काकू म्हणतात, द्या एक्स्चेंजमध्ये, बरे पैसे मिळतील. "अगं, पत्रा बघ हिचा," अण्णा म्हणतात. "आताच्या गाड्या नुसत्या प्लास्टिकच्या." काकूंनी एकदा कॅलेंडरचं पान आणि पट्टी आणून त्यांच्यासमोर ठेवली होती. नाव, वय, दुखापत, भाव. अण्णांनी पान परत दिलं आणि स्कूटर पुसायचं फडकं मागितलं.

एवढं ठाऊक असूनही आम्ही गेल्या वर्षी चूक केली, ती म्हणजे अण्णांना खरोखरच्या निर्णयावर पाठवलं.

आमच्या मंडळाचा कबड्डी संघ आहे. जत्रेच्या सामन्यांत उतरतो, कधी एखादी ढाल आणतो, बहुतेक वेळा जेवून येतो. त्याचा उजवा कोपरा कितीतरी वर्षं एकाच माणसाकडे आहे. त्याला सगळे तात्या म्हणतात. पिठाची गिरणी चालवतो. ऐन भरात असताना तात्याच्या हातात चढाईवाल्याचा घोटा सापडला की पंचाची शिट्टी ही नुसती औपचारिकता असे. आता तात्या बेचाळिशीत आहे. गुडघ्याला पट्टा असतो, सामन्याआधी वाकताना हाडांचा आवाज पलीकडच्या संघाला ऐकू जातो आणि ते चढाई त्याच बाजूनं करतात. बाकावर एकोणीस वर्षांचं एक चपळ पोरगं दोन हंगाम नुसतं मांडी ठोकत बसलंय. तात्याला थांबवायला हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं. सांगायचं कुणी, यावर कुणाचंच नव्हतं. मग सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या.

अण्णांनी चष्मा पुसला. म्हणाले, "भावना बाजूला ठेवू." फौजी त्या दिवशी सांगलीतच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "दाजी, समोरासमोर कुणाला कधी सांगितलंय का?" अण्णांनी ऐकलं नाही. फौजींना विचारायचा अधिकार होता. हवालदार असताना त्यांनी स्वतः दोन वर्षांच्या मुदतवाढीसाठी अर्ज केला होता, मेडिकल दिली होती, बोर्डापुढं उभे राहिले होते. आमच्या सगळ्या चर्चेत मुदतवाढीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलेला माणूस तो एकटाच.

अण्णा गिरणीत गेले ते गव्हाचा डबा घेऊन. नुसतं कसं जायचं? मी सोबत होतो, साक्षीदार म्हणून. गिरणी चालू होती. अण्णा ओरडले, "तात्या, यंदा जरा वेगळा विचार करायचा म्हणतोय!" तात्या ओरडला, "जाड का बारीक?" अण्णा म्हणाले, "बारीक." पहिली फेरी तिथंच संपली.

दळण झालं, पट्टा थांबला. पिठानं पांढरी झालेली पापणी पुसत तात्याच पुढं आला. "अण्णा, बरं झालं आलासा. मी म्हणतोय, यंदा मला सोडा. गुडघा ऐकंना झालाय. त्या पोराला उभं करा कोपऱ्यात, चांगलं खेळतंय."

इतकं सोपं काम आयुष्यात कुणाच्या पुढ्यात येत नाही. मान हलवायची, डबा उचलायचा, घरी यायचं. अण्णांनी डबा खाली ठेवला.

"सोडा म्हंजे? असं कसं सोडा?"

"पण बेचाळीस झाली की."

"बेचाळीस काय वय आहे? धोनी बघ!"

मी अण्णांचा सदरा मागून ओढला, उपयोग झाला नाही. त्या पोराला अनुभव नाही, साखळी पकडीत कुणाचा हात धरायचा ते कळत नाही, आणि तात्याशिवाय उजवा कोपरा म्हणजे आमचा संघच नव्हे, असं ते दहा मिनिटं सांगत होते. कॅलेंडरवरच्या चार रकान्यांपैकी एकही जागेवर नव्हता. तात्या आधी संकोचला, मग थोडा फुलला, मग म्हणाला, "बरं, तुम्ही म्हणताय तर एक वरीस." दळणाचे पैसेही त्यानं घेतले नाहीत.

परतताना अण्णा बराच वेळ गप्प होते. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "एक वर्षाचंच केलंय. पुढच्या वर्षी फेरआढावा." मग थोड्या वेळानं, "तो स्वतःच सोडा म्हणाला, तर मी काय करणार?" मी म्हटलं, सोडायचं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच कुणाच्या तरी घरावर जप्ती आणलीय.

त्या जत्रेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तात्याच्या कोपऱ्यातून पलीकडच्यांनी गुण लुटले, त्यानंही शेवटी एक घोटा असा धरला, की मैदानावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या आणि अण्णांनी सगळ्यांत वर. बाकावरचं पोरगं यंदा पेठेतल्या दुसऱ्या मंडळाकडून खेळतंय. फौजी म्हणाले, हे व्हायचंच होतं. अण्णांनी त्या पोराच्या नावापुढं पाचव्या रकान्यात 'होतं' असं लिहून ठेवलंय.

तेव्हा तुमच्या गल्लीत असा माणूस असेल, तर मुंबई, चेन्नई, डॅलस यांचे निर्णय बिनधास्त त्याच्यावर सोपवा, तो चोख हिशेब देईल. घरच्या माणसाला संघातून काढायचं असेल तर मात्र त्याला पाठवू नका. तुम्हीच जा, आणि गिरणी चालू असताना जाऊ नका.