पेनाला टोपण लावा

मेडिकल कौन्सिलची नोटीस आली की डॉक्टर आधी केसपेपर शोधतो. केसपेपर सापडला की पेन शोधतो. या दुसऱ्या शोधात जेवढी घरे बसली, तेवढी मूळ तक्रारीने बसली नसतील.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला शेजारच्या तालुक्यातला एक तरुण सर्जन माझ्याकडे आला. हातात रजिस्टर पोस्टाचे पाकीट, काखेत फाइल. नऊ महिन्यांपूर्वीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन. जखमेत पू झाला, दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा ऑपरेशन करावे लागले आणि रुग्णाच्या मुलाने तक्रार केली. मी नोटीस दोनदा वाचली. भाषा साधी होती: तक्रारीची प्रत सोबत आहे, अमुक तारखेपर्यंत कागदपत्रांसह म्हणणे मांडा. त्याचे मात्र नोटिशीकडे लक्षच नव्हते. फाइलच्या अकराव्या पानावर दोन ओळींमध्ये थोडी मोकळी जागा होती, तिथे त्याचे बोट होते.

"सर, जखमेत पू होऊ शकतो हे मी त्यांना सांगितलं होतं. देवाशपथ सांगितलं होतं. फक्त लिहायचं राहिलं. आता एक ओळ लिहिली तर ते खोटं होईल का?"

होईल. सांगितलेले खरे असेल, पण त्या दिवशी लिहिलेले नव्हते; आज लिहून त्यावर त्या दिवसाची तारीख राहू दिली की कागद खोटा झाला. आजची आठवण आजच्या तारखेने उत्तरात लिहावी. जुन्या पानात तिला जागा नाही.

आणि ते पान आता फक्त आपल्या कपाटात आहे, हा समजही सोडा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे विनियम सांगतात की भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या आणि रुग्णाने मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या. त्याच्याही आधी, 1996 मध्ये, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बजावले होते की गोपनीयतेचे कारण पुढे करून रुग्णाला त्याचे कागद नाकारता येणार नाहीत. तक्रार करणारा मुलगा बहुतेक वेळा झेरॉक्स आधी काढतो आणि अर्ज मग लिहितो. सुनावणीत दोन झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या जातात. एका पानावर ती ओळ असते, दुसऱ्यावर नसते. त्या क्षणी त्या फाइलमधली बाकीची सगळी खरी पानेही संशयात जातात: सिस्टरने रात्री दोनला लिहिलेला ताप, बदललेले अँटिबायोटिक, रेफर केल्याची वेळ. तुमच्या बाजूने बोलणारा प्रत्येक कागद तुम्ही स्वतःच्या हाताने मुका करता. कॉम्प्युटरवर नोंदी ठेवणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. कोणती नोंद कधी बदलली याचा माग अनेक सॉफ्टवेअरमध्ये राहतो.

पू झाला, याचा बचाव होतो. 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नीट सांगून ठेवले आहे की उपचाराला यश आले नाही एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. त्या कामात सर्वसाधारण कौशल्य असलेल्या डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली का, हे पाहायचे. घुसडलेल्या ओळीचा बचाव कोणत्याही न्यायालयात नाही.

मलाही एकदा नोटीस आली होती. छातीत दुखते म्हणून आलेला माणूस, मी तपासून पुढे पाठवला, वाटेत गेला. त्याच्या भावाचे म्हणणे होते की मी त्यांना घाई करायला सांगितलीच नाही. मी सांगितले होते. केसपेपरवर पाठवल्याची वेळ होती, ही सूचना नव्हती. उत्तर लिहायला मी चार रात्री घेतल्या, आणि त्यातल्या तीन एकाच वाक्यावर गेल्या: "हे मी सांगितल्याचे मला आठवते, परंतु केसपेपरवर तशी नोंद नाही." लिहिताना हात जड होतो. आपणच आपल्याविरुद्ध साक्ष देतोय असे वाटते. पण सुनावणीत माझी बाकीची नोंद जशीच्या तशी मानली गेली, ती या वाक्यामुळे, असे मी आजही मानतो. भावाने ते वाक्य पुन्हा वाचायला मागितले होते. वाचून कागद खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता, पण तो माझ्याकडे पहिल्यांदाच बघत होता.

म्हणून उत्तर स्वतः लिहा. वकिलाला दाखवा, जरूर दाखवा, सुनावणीला त्याला सोबत न्यायचा हक्कही आहे. इन्डेम्निटी पॉलिसी असेल तर विमा कंपनीला नोटीस मिळाल्याचे लगेच लेखी कळवा; उशीर झाला तर पॉलिसी असून नसल्यासारखी होऊ शकते. मुदत पुरत नसेल तर मुदत संपण्याआधी वाढ मागा. पण शब्द तुमचेच हवेत; उपचाराच्या वेळी रुग्णाजवळ वकील नव्हता, तुम्ही होता. दुसऱ्या कुणाच्या प्रकरणातले उत्तर नावे बदलून पाठवणारे मी पाहिले आहेत. एकाच्या उत्तरात पुरुष रुग्णाच्या गर्भाशयाचा उल्लेख राहून गेला होता. पाहणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळते: या माणसाने तक्रार वाचलीसुद्धा नाही.

आणि ती नोटीस डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. रुग्णाचे नाव, आजार, मुलाचा फोन नंबर सगळे दोनशे जणांत फिरते. रुग्णाची गुपिते उघड करणे हे त्याच 2002 च्या विनियमांत गैरवर्तन आहे. एका तक्रारीला उत्तर देता देता दुसरी जन्माला घातलीत. "वर कुणी ओळखीचं आहे का" हा प्रश्नही विचारू नका. तक्रारदाराच्या घरी माणसे पाठवू नका. बापाच्या पोटावर दोनदा सुरी चालली आहे, त्या मुलाच्या दारात समजूत घालायला गावचा पुढारी उभा करणे हा दुसरा अपराध आहे.

मेडिकल कौन्सिलांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉक्टरविरुद्धच्या तक्रारीचा निर्णय सहा महिन्यांत द्यावा, असे याच विनियमांत लिहिले आहे. प्रत्यक्षात तक्रारी वर्षानुवर्षे पडून राहतात. तोवर डॉक्टर प्रत्येक ऑपरेशनला थरथरतो आणि मुलगा प्रत्येक तारखेला रजा टाकून सुनावणीसाठी मुंबईला जातो. शिवाय 2002 च्या विनियमांत निर्णयाने नाराज झालेल्या कुणालाही 60 दिवसांत वर अपील करता येत होते. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 30 मध्ये मात्र अपिलाचा हक्क डॉक्टरच्या नावाने लिहिला आहे. रुग्णाचे नाव तिथे नाही. मी डॉक्टर आहे आणि हे मला मान्य नाही. माझ्या रजिस्ट्रेशनवर माझ्याच व्यवसायातली माणसे निर्णय देतात; त्या निर्णयाविरुद्ध दाद मागायचा दरवाजा फक्त मलाच उघडा असेल, तर तिथून निर्दोष सुटल्याला लोक किंमत का देतील? रुग्णाला अपिलाचा हक्क परत द्या. त्यात आमचीही अब्रू आहे.

त्या रात्री आम्ही साडेबारापर्यंत बसलो. अकरावे पान तसेच राहिले. मी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हटले, रुग्ण आला तिथपासून लिही, वेळेसकट, आणि जे लिहून ठेवले नाहीस तेही लिही. पहिल्या दोन ओळी त्याने तीनदा खोडल्या. मग लिहीत गेला.

सकाळी आठला त्याचा फोन आला. फाइलची झेरॉक्स काढली, पानांना नंबर टाकले, मूळ फाइल पाकिटात घालून तिच्यावर मेट्रनची सही घेतली.

"सर, एकूण चौतीस पानं. तीच लिहू ना उत्तरात?"

"तीच लिही."