माइकराव

माइकराव कोणाच्याही घरी गेले की दारातच थांबून टाळी वाजवतात. एकच, पण खणखणीत. मग मान तिरकी करून भिंती काय म्हणतात ते ऐकतात. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत टाळी सापडली की ती इकडून तिकडे आपटत राहते आणि 'टर्रर्र' असा कंप उठतो. तो ऐकू आला की माइकरावांचा चेहरा पडतो. "हॉल फार मोकळा आहे तुमचा," ते म्हणतात. यजमानांना वाटतं, फर्निचरवरून टोमणा मारला. एका सत्यनारायणाला त्यांनी अशी टाळी वाजवली तेव्हा आरती सुरू झाली असं समजून आतल्या बायका ताट घेऊन बाहेर आल्या, आणि गुरुजींची कथा तिसऱ्याच अध्यायात अडली.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात हल्ली प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक तरी माइकराव असतो. वय पस्तीस ते पंचावन्न, नोकरी बरी, पोरं हाताशी आलेली. आपल्या सिंहगड रस्त्यावरच्या माइकरावांनी २०२० च्या टाळेबंदीत पॉडकास्ट काढायचं ठरवलं. विषय ठरला: पेठांमधले जुने वाडे. नाव ठरलं, बोधचिन्ह झालं, सुरुवातीची धून भाच्याकडून सतारीवर वाजवून घेतली. राहिला तो फक्त माइक. "माइक एकदा फायनल झाला की लगेच सुरू," हे वाक्य ते तेव्हापासून म्हणत आहेत. दरम्यान यादीतल्या पहिल्या वाड्याच्या जागी सात मजली इमारत उभी राहिली आणि तिची लिफ्टसुद्धा आता कुरकुरायला लागली आहे.

पहिला माइक त्यांनी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणला. बीएम-८००, कंडेन्सर जातीचा, स्वस्तातला. कंडेन्सरच्या पोटात अतिशय पातळ पडदा असतो. हवा जरा हलली तरी तो हलतो. भिंती मऊ आणि दार जाड असलेल्या स्टुडिओत हा मोठाच गुण. नॉयमनचा यू८७ याच जातीचा. तो १९६७ साली आला आणि जगभरच्या गायकांसमोर आजही उभा आहे. पण दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हाच गुण चहाडखोरपणा होतो. पहिल्या चाचणीत माइकराव फक्त "नमस्कार मंडळी" एवढंच म्हणाले. हेडफोनमध्ये ऐकू आली ती पंख्याची घरघर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, कुकरच्या दोन शिट्ट्या, शेजारच्या मालिकेतल्या सासूचा हुंदका, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं संगीत, आणि या सगळ्याच्या मागे, दूर कुठेतरी, नमस्कार मंडळी.

मग त्यांनी वाचन सुरू केलं आणि तिथेच घात झाला.

शुअर कंपनीचा एसएम७ हा डायनॅमिक माइक १९७३ चा. 'थ्रिलर'साठी मायकेल जॅक्सनचा आवाज ब्रूस स्वीडियन या ध्वनिमुद्रकाने १९८२ साली याच माइकवर घेतला. त्याचा आजचा अवतार, एसएम७बी, हा पॉडकास्टच्या प्रत्येक दुसऱ्या व्हिडिओत दांडीवरून लोंबताना दिसतो. माइकरावांनी दिवाळीचा बोनस त्याच्यावर उधळला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, त्याने त्याच्यावर अख्खी गाणी म्हटली. तुम्ही निदान नमस्कार तरी पुरा करा."

माइक आला. जोडला. आवाज येईना. येत होता, पण तळघरातून. एसएम७बी हा बिनविजेचा आणि अतिशय मितभाषी माइक. साधं बोलणं नीट ऐकवायला त्याला साठ डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागतो. माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या माइकरावांच्या लाल डब्यात, म्हणजे स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या आवृत्तीत, सगळा मिळून ५६. चार डेसिबलसाठी माणूस झुरू शकतो हे तेव्हा घरच्यांना कळलं. उपाय म्हणून क्लाउडलिफ्टर नावाची निळी डबी आली. ती २५ डेसिबल वाढवून देते. गंमत अशी की ज्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरची माइकला गरज नाही, ती या डबीला लागते. सगळं जमलं, वायरी टेबलाखाली चिकटवून झाल्या, आणि २०२३ मध्ये शुअरने ती डबी माइकच्या पोटातच घातलेला एसएम७डीबी बाजारात आणला. त्या रात्री माइकराव जेवले नाहीत.

घरच्या रेकॉर्डिंगसाठी डायनॅमिक बरा म्हणतात, ते खरं आहे. पण त्याचं कारण लोक समजतात ते नाही. डायनॅमिक माइक काही कुकरला ओळखून बाजूला सारत नाही. तो जवळून बोलायला लावतो, तोंडापासून चार बोटांवर, आणि सगळी जादू त्या चार बोटांत असते. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तिथेच राहतो. म्हणजे बक्षीस जवळिकीला आहे, किमतीला नाही. हे माइकरावांना ठाऊक आहे. ते हे कोणालाही कागदावर आकृती काढून समजावतात. स्वतः मात्र दोन फुटांवर मागे रेलून बसतात, कारण जवळ गेलं की आवाजातला खर्ज वाढतो आणि "तो खरा माझा आवाज नव्हे". त्यावर इलाज म्हणून सध्या ते इलेक्ट्रो-व्हॉइसच्या आरई२० चा विचार करत आहेत. १९६८ पासूनच्या या माइकच्या बाजूला अशा खाचा आहेत की जवळून बोललं तरी खर्ज फुगत नाही. विचारच चालू आहे. वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

खोलीचा बंदोबस्त हे वेगळंच प्रकरण. आधी त्यांनी अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला लावले. अंड्यांचे ट्रे आवाज फारसा शोषत नाहीत, फक्त पाहुण्यांना प्रश्न पाडतात. जाड, सच्छिद्र, मऊ काहीतरी हवं. घरात तसं एकच ठिकाण होतं: साड्यांचं कपाट. तेव्हा मागे नऊवारी, बाजूंना रजया, डोक्यावर आजीची गोधडी, असा स्टुडिओ सिद्ध झाला. आत स्टुलावर माइकराव, गुडघ्यावर लॅपटॉप. आवाज खरोखरच सुंदर आला, कोरडा आणि जवळचा. पण आत पंखा नाही. सहाव्या मिनिटाला ते घामाने निथळत बाहेर आले तेव्हा वहिनी पैठणी तपासत होत्या. "ते कपाट आहे," त्या म्हणाल्या. यापुढे दार आतून लावायचं नाही असा नियम झाला.

शिवाय मराठी बोलणं म्हणजे माइकवर थेट हल्ला. तोंडासमोर तळवा धरून 'भाकरी' किंवा 'फणस' म्हणून पाहावं. हवेचा झोत लागतो. तोच झोत पडद्यावर आदळला की हेडफोनमध्ये धप् असं होतं. पॉप फिल्टर लावावा, किंवा माइक थोडा तिरका, तोंडाच्या कोपऱ्याकडे ठेवावा, की झोत बाजूने निघून जातो. माइकरावांनी या कामासाठी खास वाक्य रचलं आहे: "भाऊसाहेबांनी फाटकापाशी फणस फोडून भाचीला भरवला." हे वाक्य ते गेली काही वर्षं रोज म्हणतात. लॅपटॉपमध्ये या भाऊसाहेबांच्या एवढ्या फाइली आहेत की फणसाला चव राहिलेली नाही.

घराबाहेरचा त्यांचा पराक्रम एकच, पण सांगण्याजोगा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी ते दिवे घाटात गेले. खांद्याला झूम एफ३ हा रेकॉर्डर. त्यात ३२ बिट फ्लोट असतं, म्हणजे गेन लावायची भानगड नाही, किती का मोठा आवाज येईना. हातात लांब नळीचा शॉटगन माइक, त्यावर स्पंजाची टोपी. घाटात वारा सुटला. स्पंज हा खोलीतल्या श्वासापुरता. घाटातल्या वाऱ्याला केसाळ टोपी लागते, आणि ती घरी, धुऊन वाळत घातलेली. माइकचा पडदाच वाऱ्याने गुदमरला तर पुढे कितीही बिट असले तरी उपयोग नसतो.

बिनतारी माइक काढला, तर त्याचा आवाज तुटायला लागला. असे माइक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि माणसाचं शरीर ती लहर पिऊन टाकतं. इथे तर घाटभर शरीरंच होती. शेवटी खिशातला बोयाचा बीवाय-एम१ निघाला. कॉलरला अडकवायचा, वायर सहा मीटर. दिंडीतल्या एक आजी चालता चालता ओवी म्हणत होत्या. माइकरावांनी विनंती करून तो त्यांच्या पदराला लावला आणि वायरीचं दुसरं टोक घेऊन आजींच्या बाजूने चालू लागले. मधून तीन टाळकरी आणि एक तुळशीवाल्या बाई अडखळल्या. आजींनी अख्खी ओवी म्हटली, डोळे मिटून. फोनवर काहीच उमटलं नव्हतं. या माइकच्या डबीवरचं बटण फोनला लावताना 'ऑफ'च्या बाजूला ठेवायचं असतं आणि कॅमेऱ्याला लावताना दुसऱ्या. माणूस साहजिकच ते चालू करतो.

"आजी, परत एकदा म्हणाल का?"

"आता पुढच्या वारीला, बाळा," आजी म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तसंही माळेचे मणी माइकवर घासतच होते, असं माइकराव सांगतात.

इतकं असूनही माणूस उपयोगाचा आहे, हे कबूल केलं पाहिजे. सोसायटीत कोणाला काही रेकॉर्ड करायचं असलं की त्यांचंच दार वाजतं. दोघांच्या गप्पा घरी घ्यायच्या? मध्ये एक ठेवू नका, दोघांना दोन साधे डायनॅमिक द्या, पंखा आणि फ्रिज बंद करा. फ्रिजमध्ये गाडीची किल्ली ठेवा म्हणजे परत चालू करायला विसरणार नाही. ब्लू येती घेतलाय? त्याच्या डोक्यात बोलू नका, त्याचा कान पोटाशी आहे. बंद हॉलमध्ये शॉटगन नको. भिंतींवरून परतलेला आवाज त्या नळीचं गणित बिघडवतो आणि माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. बाहेर गेलात तर हेडफोन कानावरून काढू नका, आणि निघताना त्या जागेची मिनिटभर नुसती शांतता घेऊन या, जोडकामाला लागते. त्यांचाच एसएम५८ घेऊन एका कॉलेजकन्येने जात्यावरच्या गाण्यांचे बारा भाग केले. हा माइक १९६६ चा, नावातलं 'एसएम' स्टुडिओचं, पण आयुष्य गेलं रंगमंचावर. पडला तरी चालतो, म्हणून माइकराव तो उसना देतात. बारा भागांच्या शेवटी त्यांचे आभार आहेत. ते भाग त्यांनी ऐकले. "तिसऱ्यात 'स' जरा टोचतो," म्हणाले.

गेल्या महिन्यात आरई२० साठी पैसे उभे करायला त्यांनी एसएम७बी विकायला काढला. जाहिरातीत लिहिलं: "फक्त 'चेक, चेक'साठी वापरलेला." कोथरूडहून एक तरुण पाहायला आला. पैसे रोख आणले होते. माइकरावांनी त्याला चहा दिला आणि मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी सुरू केली. घर स्वतःचं की भाड्याचं? कितवा मजला? खिडक्या किती? रस्त्याच्या बाजूला आहेत का? शेजारी कुत्रा वगैरे? तरुण सगळ्याला नीट उत्तरं देत गेला. सहावा मजला, समोर मेट्रो, काचेची मोठी खिडकी, फरशी इटालियन.

"पडदे?"

"पडदे नाहीत, काका. उजेड छान येतो."

माइकरावांनी माइक परत खोक्यात ठेवला. तरुणाच्या हातात एसएम५८, चार बोटांच्या अंतराची आकृती आणि मंडईमागच्या रजईवाल्याचा पत्ता दिला. तो जिना उतरत असतानाच त्यांनी जाहिरातीत एक ओळ वाढवली: पडदे असलेल्यांनीच संपर्क साधावा.