राजीनामावाले तात्या

वैरागात कुणाचा राजीनामा मागायचा असेल तर मोर्चा, ठराव, निवेदन असलं काही करावं लागत नाही. गोष्ट तात्यांच्या कानावर घातली की झालं. सोसायटीचा चेअरमन असो, स्टँडवरचा कंट्रोलर असो, नाहीतर हिंदुस्थानचा संरक्षणमंत्री असो, तात्या तक्क्यावरचा कोपर न हलवता म्हणणार, "ह्येनं आदी राजीनामा द्याया पायजे." आणि मग पोऱ्याकडे बघून, "चहा सांग."

तात्या हे पद आहे. बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात ते आडत दुकानाच्या गादीवर, भिंतीकडच्या अंगाला असतं. एक तात्या गेले की तेराव्याच्या आत दुसरे तिथं बसलेले दिसतात. त्यांना कुणी नेमत नाही, कुणी काढत नाही, आणि या पदाचा राजीनामा मागायची सोयही नाही, कारण मागणार कोण?

मूळ तात्या १९६२चे. त्या साली २० ऑक्टोबरला चीननं नेफा (म्हणजे आजचा अरुणाचल) आणि लडाखमध्ये एकदम मुसंडी मारली आणि ऐन दिवाळीच्या आठवड्यात गावाला नवा भूगोल शिकावा लागला. तोवर तात्यांची पूर्व दिशा तुळजापूरला संपत होती. आता ते तवांग, वालाँग, बोमदिला ही नावं अशी घेऊ लागले जणू माढ्याच्या गाडीचे थांबे आहेत. पेपर दुपारच्या यष्टीनं यायचा, म्हणजे आदल्या दिवशीची हार आम्हाला दुसऱ्या दिवशी जेवणानंतर कळायची. तात्या पेपर आधी स्वतः वाचत, मग मोठ्यानं वाचत, आणि मग जे छापलेलं नव्हतं तेही वाचून दाखवत.

आरोपी एकच होता : व्ही. के. कृष्ण मेनन. १९५७ पासून संरक्षणमंत्री. तात्यांनी त्यांच्यावर आरोपपत्रच तयार केलं होतं. जवानांकडे थंडीचे कपडे नाहीत, हे पहिलं. जनरल थिमय्यांनी १९५९ साली याच माणसाला कंटाळून राजीनामा दिला होता, हे दुसरं. (थिमय्यांनी तो नेहरूंच्या शब्दाखातर मागे घेतला, हे मात्र तात्यांना बिलकुल पटलेलं नव्हतं. "दिल्यालं परत घेत्यात व्हय? कन्यादान हाय त्ये!") आणि तिसरा आरोप तात्यांच्या वर्मी लागलेला. विरोधक म्हणत होते की दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांतून कॉफी करायची यंत्रं निघतात.

"कॉफी?" तात्या विचारत. "आरं लका, चहाची तरी करायची!"

त्यात सोलापूरकरांच्या पोटात एक वेगळं दुखणं होतं. आमचा डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या पथकातून चीनला गेला, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. व्ही. शांतारामांनी त्याच्यावर सिनेमा काढला, तो तात्यांनी सोलापूरला जाऊन पाहिला होता. त्यामुळे चीननं केलेला हल्ला हा भारतावरचा हल्ला तर होताच, पण मुख्य म्हणजे सोलापूर जिल्ह्याशी केलेली बेइमानी होती. "माणूस दिला आमी, अन् गोळ्या बी आमालाच?" याचाही जाब तात्या मेनन यांनाच विचारत. माओला विचारायचा तर पत्ता नव्हता.

तात्यांचा एक मेव्हणा गिरणीत कामाला, मुंबईच्या उपनगरात राहायला. मेनन उत्तर मुंबईचे खासदार. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांनी आचार्य कृपलानींना लाखाहून जास्त मतांनी पाडलं होतं आणि त्या लाखांत मेव्हण्याचं एक मत होतं. तात्यांनी तवांग गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला कार्ड टाकलं : तुझ्या एका मतापायी नेफा गेला, यापुढं त्या माणसाला मत दिलंस तर आपलं नातं संपलं समज. कार्डाच्या कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, भुईमूग बरा झाला आहे असंही लिहिलं.

एक सांगायला हवं. ती लढाई लोकांना नको होती असं नव्हे. लोक लढाईवर रागावले नव्हते, ती ज्याच्या हातात होती त्याच्यावर रागावले होते. संरक्षण निधीला गावोगाव बायका अंगावरचं सोनं देत होत्या. आमच्या काकींनीही, म्हणजे तात्यांच्या कुटुंबानं, बोरमाळेतले मणी सोडवून कचेरीत नेऊन दिले. तात्यांना ते संध्याकाळी कळलं. दोघांनीही देशासाठी काहीतरी केलं होतं. काकींनी मणी दिले होते, तात्यांनी मत दिलं होतं. पावती फक्त काकींना मिळाली.

३१ ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं आणि मेनन यांना संरक्षण-उत्पादन खातं दिलं. गादीवर उत्साह पसरला, पण तात्यांनी हात वर केला. "थांबा. उत्पादन म्हंजे काय? परत कॉफीच की!" मग सात दिवस त्यांनी अन्न गोड लागू दिलं नाही, स्वतःला आणि घरच्यांना. अखेर ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातूनच बाहेर पडले. कार्तिकी तोंडावर आली होती, पंढरपूरकडे निघालेले वारकरी स्टँडवर पथाऱ्या टाकून बसले होते. बातमी येताच कुणीतरी पेढे आणले. पहिला पेढा अर्थातच तात्यांपुढं धरला.

तात्यांनी तो घेतला नाही.

इथून पुढं तात्या खरे समजतात. राजीनामा मागणारा माणूस आणि राजीनामा हवा असलेला माणूस, ही एक नव्हेत. तात्यांना मागायचा होता. तो मिळाला तेव्हा त्यांच्या हातातलं कामच गेलं. दुपारभर ते पेपरची एकच घडी उलटसुलट करत बसले. सोसायटीच्या चेअरमनविषयी कुणी काही काढलं, तर तेही त्यांना त्या दिवशी किरकोळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते सावरले. "आत्ताच का दिला?" त्यांनी विचारलं. "अन् दिला का काढून घेतला? कुनाला वाचवाया?" तिसऱ्या दिवशी : "एकट्याचा काय दोष हो? वरच्याला कुनी इचारत न्हाई." चौथ्या दिवशी सोलापूरहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं माहिती पुरवली की हा मेनन दारू पीत नाही, मांस खात नाही, आणि दिवसभर नुसत्या चहावर असतो.

"कशावर?"

"चहावर. कपावर कप."

तात्या बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुरक्षा परिषदेत काश्मीरसाठी आठ तास बोलला होता तो. चक्कर येऊन पडला, तरी बोलला. आपल्याकडं ग्रामपंचायतीत कुनी आठ मिनिटं तरी धड बोलतं का?" आणि कॉफीच्या यंत्राचा विषय त्या दिवसापासून दुकानात निघाला नाही.

रिकाम्या दिवसांत तात्यांनी एक शास्त्र तयार केलं. आडतीत ज्वारीचा नमुना बघतात तसे ते राजीनामे बघत : तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, खडे किती निघतात ते मोजायचं. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, तो अस्सल मालदांडी. त्याच साली अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी सोडलं, तोही तसाच, दाणा भरलेला. मेनन यांचा मध्यम, कारण तो पिळून काढलेला. आणि नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास लष्करप्रमुख थापर प्रकृतीच्या कारणानं बाजूला झाले, तेव्हा तात्यांनी नुसती फुंकर मारली. हातावर काही उरलं नाही.

मग यशवंतराव. मुख्यमंत्री चव्हाणांना नेहरूंनी दिल्लीला बोलावलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्रभर झालं. २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षण खात्याची सूत्रं हातात घेतली आणि त्याच दिवशी चीननं आपण होऊन युद्धबंदी जाहीर केली. इतिहासकार या दोन गोष्टींचा संबंध लावत नाहीत. वैरागात तो लागलेला आहे. "कराडचा मानूस येतोय म्हनल्यावर थांबतील न्हाई तर काय!" तात्या म्हणाले, आणि त्या दिवशी गादीवर सगळ्यांचा चहा त्यांच्या खात्यावर लिहिला गेला. एवढी मोठी घटना पुन्हा घडली नाही.

आनंद आठवडाभर टिकला. मग कन्नमवार मुख्यमंत्री झाले आहेत हे तात्यांच्या लक्षात आलं. "हिमालयाचं झालं, आता सह्याद्रीकडं कुनी बघायचं?" पुढल्या वर्षी चव्हाण नाशिकहून लोकसभेवर बिनविरोध गेले, तेव्हा तात्यांचं मत असं होतं की निदान एक तरी विरोधक पाहिजे होता. नाहीतर राजीनामा मागणार कोण?

पुढचे तात्या थोडक्यात सांगतो, कारण मुळाची सर त्यांना नाही. २००६चे तात्या पँट घालत आणि टीव्ही बघत. अमेरिकेत इराकचं युद्ध लोकांना नकोसं झालेलं, निवृत्त जनरलांनी राजीनाम्याची उघड मागणी केलेली, आणि तरी तिथले संरक्षणमंत्री रम्सफेल्ड हलले नाहीत. अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीत पक्षाला मार बसला आणि दुसऱ्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, गेले. त्यांच्याच पक्षातल्या काहींनी चरफडून विचारलं की आधीच का नाही घालवला. वैरागच्या तात्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटला. तारीखही वाटली. मेनन ७ नोव्हेंबर, रम्सफेल्ड ८ नोव्हेंबर; व्हिएतनामवाले मॅक्नामारा जागतिक बँकेत चालल्याचं जाहीर झालं तेही १९६७च्या नोव्हेंबरात. "संरक्षणमंत्र्यांनी दिवाळी झाली की सांभाळून ऱ्हावं," असा त्यांनी नियम काढला. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ला लातूरचे शिवराज पाटील गृहमंत्रिपदावरून गेले आणि नियम गृहखात्यालाही लागू झाला. दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबा पदावरून गेले. आबांचा राजीनामा तात्यांनी सकाळी मागितला होता, संध्याकाळी तो दिल्याचं कळल्यावर तेच म्हणाले, "बोलन्यात चुकलं असंल, पर मानूस गरिबाघरचा हुता." २००९च्या निवडणुकीनंतर आबा पुन्हा गृहमंत्री झाले. तात्यांना बरं वाटलं, आणि पंधरा दिवसांत त्यांनी पुन्हा मागायला सुरुवात केली.

पण मूळ तात्यांची गोष्ट अर्धी राहिली. १९६७च्या निवडणुकीत काँग्रेसनं मेनन यांना मुंबईत तिकीट नाकारलं. माणूस बाहेरचा, महाराष्ट्राचा नव्हे, असं कारण निघालं. मेनन पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले, समोर काँग्रेसचे स. गो. बर्वे. तात्या खवळले. "बाहेरचा कसा? पाच वरसं शिव्या दिल्या आमी त्याला. म्हंजे आमचाच झाला की!" त्यांनी मेव्हण्याला तातडीनं कार्ड टाकलं : मेननलाच मत दे, नाही दिलंस तर आपलं नातं संपलं समज. कोपऱ्यात ज्वारीचा भाव.

उत्तर कार्डानं नाही, पाकिटातून आलं. आत तात्यांचीच दोन कार्डं होती, एक १९६२चं, एक आत्ताचं, आणि एक चिठ्ठी. "ती. दाजींस साष्टांग नमस्कार. दोन्ही कार्डं जपून ठेवली होती, ती सोबत पाठवत आहे. पहिल्याप्रमाणे मत दिलं तर नातं संपतं, दुसऱ्याप्रमाणे नाही दिलं तरी संपतं. तरी ताईला दोन्ही दाखवून काय ते एकच कळवावं."

पाकीट पोचलं तेव्हा मतदान होऊन गेलं होतं. मत कुणाला दिलं ते चिठ्ठीत नव्हतं. मेनन पडले, बर्वे निवडून आले, आणि त्या उन्हाळ्यात मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नाला तात्या गेले नाहीत. काकी मात्र आठ दिवस राहून आल्या.