काचेआडची पंगत

पंगतमामा तुम्हाला माहीत आहेत. खांद्यावर पंचा, हातात भाजीची बादली आणि तुमच्या भरलेल्या पोटाशी उघड वैर. लग्न कोणाचं, तेरवी कोणाची, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. ओळ बसली की ते वाढायला हजर. ताटावर आडवा हात धरला की बोटांच्या फटीतून भाजी सोडावी ती त्यांनीच. आमचे मामा हिवरा आश्रमचे. माझे सख्खे मामा नव्हेत, पण मेहकरपासून चिखलीपर्यंतची माणसं त्यांना मामाच म्हणतात. सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी जबरदस्तीने चौथी पुरी वाढलेली आहे.

या माणसाला जगाबद्दल एकच कुतूहल आहे. जेवणाचं काय?

आमच्या एका नातेवाइकाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मामा भेटायला आले. रिपोर्ट नाही, खर्च नाही, किती नळ्या बंद होत्या ते नाही, डॉक्टरांना गाठून पहिला सवाल, "याइच्या जेवनाचं काय?" डॉक्टरांनी सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. मामांनी ती बाटली बराच वेळ निरखली आणि म्हणाले, "हे तर नुसतं वरन झालं. भात कवा?"

तालुक्याला एका पुलाचं उद्घाटन होतं. पुढारी बोलत होते, लोक उन्हात तापत होते, आणि मामा मंचामागे त्यांच्या स्वीय सहायकाची बाही ओढत होते. एवढी माणसं बोलावली, मग आचारी कुठे बसवला?

लोणारला तर त्यांनी हद्द केली. मुंबईहून आलेल्या माझ्या मित्रांना सरोवर दाखवायला ते हौसेने बरोबर आले. मी उल्कापाताचं सांगितलं, खाऱ्या पाण्याचं सांगितलं, 2020च्या जूनमध्ये सूक्ष्मजीवांमुळे हे पाणी गुलाबी झालं होतं तेही सांगितलं. मामा ऐकत होते. पाणी इतकं खारं आणि क्षारयुक्त आहे की त्यात मासा जगत नाही, असं म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. "एवढं मोठं तयं," ते म्हणाले, "अन् जेवनारं कोनीच नाई?" परतीच्या वाटेवर ते गप्प होते. मांडव टाकावा आणि वऱ्हाडच येऊ नये, असं काहीसं त्यांना झालं असावं.

या वेडाचं मूळ गावातच आहे. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमात दर हिवाळ्यात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. शेवटी महाप्रसाद, पुऱ्या आणि वांग्याची भाजी. मोकळ्या रानात अक्षरशः नजर पोचेपर्यंत माणसं ओळींनी बसतात आणि मधल्या वाटांवरून पुरी-भाजीने भरलेले ट्रॅक्टर सोडतात. ज्याने तरुणपणापासून त्या ट्रॉलीवर उभं राहून वाढलंय, त्याला पुढे सगळी दुनिया ओळीत बसलेलीच दिसते. मी त्यांना पहिल्यांदा मरीन ड्राइव्हवर नेलं, तेव्हा लोक समुद्र बघत होते आणि मामा कट्टा बघत होते. तीन किलोमीटरहून लांब, सलग, एका उंचीचा. "तोंड पान्याकडं, पाठ सडकेकडं. एक वळ. ट्रॅक्टरले रस्ता मोकया," असा त्यांनी निकाल दिला. "कोनं बांधलं हे? मानूस पंगतीतला असन."

त्याच रस्त्यावर, चर्नी रोडच्या अंगाला, तारापोरवाला मत्स्यालय होतं. मी मामांना तिथे नेलं त्याला कारण माझं घर. मामा शेगावहून विदर्भ एक्सप्रेसने आले की आठवडाभर डोंबिवलीला मुक्काम ठोकत आणि दिवसभर माझ्या बायकोच्या मागे मागे फिरून तिने किती पोळ्या खाल्ल्या ते मोजत. तिने मला निर्वाणीचं सांगितलं, यांना कुठेतरी ने. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला मासे दाखवायला नेणं जरा विचित्रच होतं, पण मत्स्यालयात पंगत बसत नाही असा माझा समज होता.

तिकीट साठ रुपये. "साठात जेवन हाय?" मामांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं. नाही म्हटल्यावर ते नाखुशीने आत आले. मी त्यांना इतिहास सांगायला घेतला. हे 1951 साली उघडलं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते, तारापोरवाला नावाच्या पारशी गृहस्थांनी दोन लाख रुपये दिले म्हणून त्यांचं नाव. मामांनी मान डोलावली. "देनारा मानूस. अन्नदानाची पावती फाडली असन." 2015 साली नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं तेव्हा त्यात बारा फुटांचा पारदर्शक बोगदाही आला, हे सांगेपर्यंत मामा पहिल्या काचेपाशी पोचले होते.

रविवार होता. शाळेची सहल आली होती. पोरं काचेवर थापा मारत होती आणि पट्ट्यापट्ट्यांचा दिसेल त्या माशाला "नीमो! नीमो!" म्हणून हाका घालत होती. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातली बारीकशी हालचालही टिपणारी एक रेघ असते. बाहेरची थाप त्याला आतून कशी कळत असेल याची कल्पना केलेली बरी. पाटी होती, काचेला हात लावू नये. तिच्यावरही एक पोरगं थाप मारत होतं. एक नवपरिणीत जोडपं माशाकडे पाठ करून माशासोबत फोटो काढत होतं. एक गृहस्थ प्रत्येक काचेपुढे उभं राहून इंग्रजी नाव चुकीचं वाचत होते आणि कुटुंबाला त्याचा चुकीचा अर्थ सांगत होते.

पण या सगळ्या गर्दीचा खरा आवाज वेगळाच होता. मुंबईच्या या मत्स्यालयात तासभर कान देऊन उभं राहिलं की प्रत्येक काचेपुढे तोच एक प्रश्न ऐकू यायचा. "हा खायला कसा लागतो?" मोठ्या गोबऱ्या माशापुढे एक काकू कालवणाचा मसाला सांगत होत्या. पाकटाची शेपटी काढून टाकायची की ठेवायची यावर दोन मित्रांत मतभेद झाले होते. लहान मुलीने विचारलं, "बाबा, हा कोणता?" बाबा म्हणाले, "महाग असतो."

मामा मात्र काचेला नाक लावून भलतंच विचारत होते. "हा खातो काय?"

पहिल्या काचेपुढे विचारलं, दुसऱ्या काचेपुढे विचारलं. सातव्या काचेपर्यंत मी गप्पांचा विषय चार वेळा बदलला. मी म्हटलं, मामा, हा विदूषक मासा, याच्यात सगळे जन्माला नर म्हणूनच येतात. टोळीतली मादी मेली की सगळ्यात मोठा नर मादी होतो. इतकी चटकदार माहिती मी वाया घालवली. मामा म्हणाले, "होऊ दे ना बापा. पन मंग सैपाक कोन करते?"

शेवटी त्यांनी गणवेशातल्या एका माणसाला धरलं. बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी शौचालय कुठे आहे याशिवाय काही विचारत होतं. तो खुलला. दाणे असतात, म्हणाला, काहींना पालेभाजी. पण मोठ्यांना कोळंबी, बोंबील, माशाचे तुकडे, चिरून.

मामांचा चेहरा मी विसरणार नाही. "म्हंजे पाहुन्याले पाहुनाच वाढता?"

"निसर्गात तसंच असतं, काका."

"निसर्गात असन. पन हितं तर तुमी वाढता ना?" मामा काचेकडे बघत म्हणाले. "वळीत बसनारा कोन अन् ताटात पडनारा कोन, हे ठरवते कोन?"

त्या माणसाने थोडा विचार केला आणि सरकारी नोकरीत शिकलेलं उत्तर दिलं. "वरून ठरतं."

मामांना ते पटलं. वरून ठरणाऱ्या गोष्टींशी हिवऱ्यातल्या माणसाचीही ओळख असते. मग दोघांची जी जमली! किती वेळा घालता, कोणाला आधी, जो मागे राहतो त्याच्यापर्यंत पोचतं का, दांडगा मासा लहानाचं ओढून घेतो तेव्हा काय करता. त्याने सांगितलं की एका कोपऱ्यात टाकून मोठ्यांना तिकडे गुंतवायचं आणि तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यात लहानांना टाकायचं. मामांनी माझा दंड दाबला. "पाह्य! मी बी तसंच करतो. पुढाऱ्याची वळ अलग बसवतो." बोगद्यात आम्ही पाऊल टाकलं, डोक्यावरून मासे गेले, लोक आ वासून वर बघत होते आणि मामा मागे वळून त्या माणसाला ओरडून विचारत होते, "अन् तुमी? तुमी कवा जेवता?"

त्या भेटीचा परिणाम माझ्या घरावर झाला. मुलाच्या हट्टापायी आम्ही काचेची छोटी टाकी आणून दोन गोल्डफिश पाळले होते. गोल्डफिशला वेगळं असं जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, म्हणून पुरे झालं हे त्याला फारसं कळत नाही. समोर आलं की तो खातो. म्हणजे मामांनी जन्मभर ज्याचा शोध घेतला, तो "नको" न म्हणणारा पाहुणा माझ्याच दिवाणखान्यात पोहत होता. आम्ही ऑफिसला गेल्यावर त्यांनी पुरी कुस्करून घातली. माशांनी खाल्ली. आणखी घातली. न खाल्लेलं अन्न पाण्यात कुजतं, त्यातून अमोनिया होतो आणि मासा त्यानेच गुदमरतो, हे मी संध्याकाळी सांगितलं तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि एक मासा उलटा तरंगत होता. दुसरा वाचला. मामा बराच वेळ टाकीपुढे बसून होते. रात्री जेवायला उठले नाहीत. मामांच्या कायद्यात याहून मोठी शिक्षा नाही.

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं आणि चिडलोही. हा माणूस थकवतो. त्याच्याशी पाऊस, राजकारण, पोरांची लग्नं, कशावरही बोला, गाडी फिरून कढईपाशी येते. आणि तरी 2020चा मार्च आला, सगळं बंद झालं, तेव्हा मुंबईतून माणसं चालत निघाली. जालन्याकडून मेहकरमार्गे विदर्भाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामा घरातलं पिठलं आणि भाकरीचं टोपलं घेऊन उभे राहिले. मला हे त्यांनी सांगितलं नाही, गावातून कळलं. मी फोन केला तर त्यांची तक्रार वेगळीच होती. लोक उभ्याउभ्या खातात, टेकत नाहीत, म्हणून आग्रह करता येत नाही.

त्याच फोनवर त्यांनी विचारलं, "तुह्या त्या काचेतल्या मासोया? ते बी बंद झालं म्हनतेत."

झालं होतं. टाळेबंदीत मत्स्यालयाचं दार लागलं ते लागलंच. इमारत धोक्याची ठरली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, महसूल बुडाला, पर्यटक हिरमुसले, जागेचं काय होणार. काय बांधायचं, किती मजली, नवा बोगदा किती लांब, यावर घोषणा सुरू झाल्या. मी त्या मामांना वाचून दाखवत असे, कारण त्यांचं तिकडे लक्ष लागलेलं होतं. दर वेळी ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग विचारत, "अन् त्याइच्या जेवनाचं?" बातमीत ते नसायचं. उद्घाटनाला कोण येणार हे आधी ठरतं. उद्घाटनानंतरच्या मंगळवारी कोळंबी कोण चिरणार, हे कुठल्याच आराखड्यात लिहीत नाहीत. आपल्याकडचे दवाखाने, वाचनालयं, वसतिगृहं याच मंगळवारी मरतात. एवढी वर्षं मी ज्याला मामांचं वेड समजत होतो, तो प्रश्न विधानसभेत विचारला गेला तर बरंच काही जिवंत राहील.

परवा मी त्यांना पुन्हा एक नवी घोषणा वाचून दाखवली. मामा आता ट्रॉलीवर चढत नाहीत, गुडघे ऐकत नाहीत. उत्सवात पोरं त्यांना ओळीत बसवतात आणि ते बसल्या जागेवरून वाढणाऱ्यांना शिव्या घालतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फीत कापाले कैची एक दिस लागते बापू. बादली रोज लागते." वाक्य चांगलं होतं. मी ते लिहून घेत होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, तू काय जेवला? मी सांगितलं, घरात कोणी नाही, पाकिटातल्या शेवया उकळून घेतल्या. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेहकरहून आलेल्या ट्रॅव्हल्सच्या क्लीनरने मला उठवलं. सामान आलंय, घेऊन जा, गाडी थांबणार नाही. स्टीलचा पाच ताळी डबा होता. वांग्याची भाजी, आणि दहा माणसांना पुरतील एवढ्या पुऱ्या. झाकणाखाली वहीच्या पानाची घडी होती, आणि तिच्यावर मामांनी छापील अक्षरासारखं जपून लिहिलं होतं: "माशाला देऊ नये. त्याला झेपत नाही."