फोर बाय फोर, एकदाही न लावलेली

जुन्या डिझेल फोर बाय फोर गाडीच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं : 'फोर बाय फोर एकदाही लावलेलं नाही.' विकणारा ते अभिमानाने सांगतो आणि घेणारा ते ऐकून सुखावतो. 'शिलाई मशीन विकणे आहे, एक टाकाही घातलेला नाही' असं कुणी म्हणालं, तर आपण विचारू, मग घेतलं कशाला होतंस? इथे मात्र फोर बाय फोरचा लिव्हर जितका कोरा, तितका भाव जास्त. पहिल्या मालकाने चारही चाकांना ताकद मिळावी म्हणून जादा पैसे मोजले. ती ताकद त्याने कधी वापरली नाही, आणि आता न वापरल्याचे पैसे तो तुमच्याकडून वसूल करणार. तुम्हीही ती वापरणार नाही. जपून ठेवल्याबद्दल तिसरा मालक तुम्हाला दुवा देईल.

'घ्यावी की नाही?' असं विचारत येणारा माणूस टोकन देऊन आलेला असतो. त्याच्याकडे कारणंही तयार असतात. कोकणात गाव आहे. (गावच्या घराच्या खळ्यापर्यंत डांबर आहे.) ट्रेकिंगची आवड आहे. (ट्रेक पायांनी करतात.) निवृत्तीनंतर शेती करायची आहे. (निवृत्तीला बारा वर्षं आहेत, शेत अजून घ्यायचं आहे.) शेवटी हुकमाचं पान पडतं : 'शहरातले रस्ते बघितलेत का?' बघितले. पण खड्ड्यात गाडी उंच असावी लागते, सस्पेन्शन दणकट असावं लागतं. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळाली म्हणून खड्डा बुजत नाही.

बरं, गाडी घेतली. आता ते फोर बाय फोर लावायचं कुठे? लिव्हर ओढून चारही चाकं जोडायची पद्धत असलेल्या गाडीचं पुस्तक बजावतं की कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका. पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, ताण ती जोडणाऱ्या यंत्रणेवर येतो. म्हणजे शहर बाद, एक्स्प्रेसवे बाद. समुद्राच्या वाळूत घातली तर पोलीस गुन्हा दाखल करतात. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथल्या फुलांवरून टायर नेता येत नाहीत. जंगल वनखात्याचं आहे. गडावर पायऱ्या आहेत. उरलं चिखलाचं शेत. ते दुसऱ्याचं आहे, आणि त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे.

नाही लावलं तर नाही, असं म्हणून सुटकाही नाही. तेच पुस्तक पुढे सांगतं की ही यंत्रणा अधूनमधून चालवत राहा, नाहीतर आतल्या भागांना तेल पोचत नाही. जाहिरातीतला तो कोरा लिव्हर कोरा आहे की जाम झालाय, हे ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि विकणारा ओढू देत नाही, कारण रस्ता कोरडा आहे.

डिझेलची तऱ्हा आणखी वेगळी. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे धुराचे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी आली. साठलेली काजळी जळायला जाळी चांगली तापावी लागते, आणि त्यासाठी गाडी सलग, बऱ्या वेगात पळावी लागते. घर ते ऑफिस चार किलोमीटर आणि मधे नऊ सिग्नल, यात ती तापत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. प्रदूषण कमी करणारी ही जाळी साफ व्हावी म्हणून रविवारी सकाळी, काहीही काम नसताना, टोल भरून लोणावळ्यापर्यंत डिझेल जाळून यायचं.

हे नको असेल तर बीएस-चारची, 'दिल्लीची गाडी' बघा, असं एजंट सुचवतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून दिल्लीकराला जी गाडी हवेला विषारी वाटते, ती आपल्याला स्वस्त वाटते. एजंट भाव सांगतो तो गाडीचा. त्यानंतर तिकडची एनओसी, इकडचं पासिंग आणि इकडचा रस्ता कर. खासगी डिझेल गाडीला महाराष्ट्रात १३ ते १५ टक्के, म्हणजे पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. जुनी म्हणून त्यात वयाची सवलत मिळते, पण चकरांना नाही. पंधरा वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण. त्याची ६०० रुपयांची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली.

खरं बोलणारा एकच माणूस भेटतो, तो म्हणजे फिटर. इंजिन चालू ठेवून तो ऑइलचं झाकण उघडतो. आतून धूर भसाभस आला, तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन झिजलेलं. मग तो गाडीखाली सरपटतो. चॅसिसला ताजा काळा रंग दिसला की नखाने खरवडतो, कारण खाऱ्या हवेतल्या गाडीचा गंज असाच झाकतात. बाहेर येऊन हात पुसत म्हणतो, "गाडी चांगली आहे साहेब. फक्त हाफ इंजिन करावं लागेल." साहेब पहिलं वाक्य ऐकतात आणि पेढे आणायला जातात.

कंपन्यांना आपण बरोबर कळलो आहोत. जानेवारी २०२३ मध्ये थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली. बाहेरून तोच रुबाब, आत तो लिव्हर नाही, आणि किंमत बरीच कमी. तरीही आपल्याला जुनी असली तरी फोर बाय फोरच हवी, कारण या यंत्रणेचा रोज वापरला जाणारा एकमेव भाग म्हणजे मागच्या दारावरचा बिल्ला.

ज्यांना चारही चाकांच्या ताकदीची खरी गरज आहे, त्यांचं काय चाललंय? भोर-वेल्ह्याच्या आडवाटांवर वडापची जीप दोन चाकांच्या ताकदीवर चौदा माणसं आणि कोंबड्यांची एक पाटी घेऊन चिखल तुडवते. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर सुरू झालेली एसटी आजही मागच्या चाकांवरच सगळे घाट चढते. तीही डिझेलच, तीही उंच, आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना फुकट. २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली, तेव्हा तिला बैलगाडीने ओढून काढलं. बैलांचं पासिंग झालेलं नव्हतं.

तरीही घ्यायचीच असेल तर घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, बँकेचा बोजा उतरल्याची खात्री करा, चॅसिस नंबर स्वतः वाचा. आणि ज्या गावाच्या चिखलात ती घालायचा बेत आहे, तिथल्या ट्रॅक्टरवाल्याला आधी फोन करून टोचनचा दर ठरवून ठेवा. रुतल्यावर तो घासाघीस करत नाही.