बंद पडली काय, दादा?

साखरपट्ट्यात माणसाची पत आधी विहिरीच्या पाण्यावरून, मग दारातल्या ट्रॅक्टरवरून आणि नंतर पांढऱ्या फॉर्च्युनरवरून ठरायची. आता फॉर्च्युनर कार्यकर्त्यांकडेही आली. त्यामुळे ज्याला खरोखर चार पावलं पुढं जायचंय, तो जमिनीला चिकटलेली परदेशी गाडी घेतो आणि तिला जन्मभर ट्रकवरून फिरवतो. या जातीच्या माणसाला आपण दादा म्हणू. तसंही सगळे त्याला दादाच म्हणतात.

आमचे दादा कोल्हापूरचे. गाडी लॅम्बोर्गिनी हुराकान, रंग पिवळाधमक. उंची 1165 मिलिमीटर, म्हणजे शेजारी उभं राहिलं की टपावर कोपर टेकवून गप्पा मारता येतात. (दादा टेकवू देत नाहीत.) इंजिन 5.2 लिटरचं, दहा सिलिंडरचं. शून्यावरून शंभराचा वेग गाठायला साडेतीन सेकंदसुद्धा लागत नाहीत, आणि दादांच्या घराच्या फाटकापासून पहिला गतिरोधक तेवढ्याच अंतरावर आहे.

सगळं घोडं इथंच अडतं. गाडीचं पोट जमिनीपासून साधारण 125 मिलिमीटर वर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणं गतिरोधक 100 मिलिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. म्हणजे कागदावर हिशेब बसतो. पण आपल्याकडचा गतिरोधक कागद बघून बांधलेला नसतो. कुणाची तरी कोंबडी गाडीखाली येते, भांडण होतं, आणि त्या रात्री उरलेल्या खडी-डांबरात, रागाच्या प्रमाणात, तो उभा राहतो. बटण दाबलं की गाडीचं नाक चारेक सेंटिमीटर वर येतं, हे दादा आल्यागेल्याला कौतुकानं दाखवतात. नाक वर येतं हो, पण मागून येणाऱ्या पोटाचं काय?

शिवाय सर्व्हिसिंगला जायचं मुंबईला. पावणेचारशे किलोमीटर, त्यात सहापदरीकरणाची कामं आणि त्यांची डायव्हर्जनं. मग फ्लॅटबेड ट्रक येतो.

गाडी ट्रकवर चढवणं हा दादांच्या गल्लीतला सण आहे. ट्रकवाला कराडकडचा, शांत माणूस. तो आधी रस्त्यावर खड्डा शोधतो. ट्रकची मागची चाकं खोलगटात गेली की पाटा खाली येतो आणि चढ कमी होतो. महापालिकेच्या खड्ड्याचं एवढं मनापासून स्वागत मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. मग पाट्याच्या टोकाला बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्या, एकीपुढं एक. चढ जितका लांब तितका तो सपाट, आणि तितकं गाडीचं नाक शाबूत. बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथं हूक पिळायचा, त्याला विंचचा दोर लावायचा आणि गिअर न्यूट्रलला. आता आत बसून कुणीतरी स्टेअरिंग धरायला हवं.

"मालक, आमचं पोरगं बसतंय की."

पोरगं म्हणजे क्लीनर. त्यानं तेवढ्यात तोंडातला मावा गालाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेला. दादा काही न बोलता स्वतः आत बसले.

पुढचं काम गल्लीनं हातात घेतलं. एकजण थेट रस्त्यावर पालथा पडला आणि बंपरखाली डोळा लावून बातम्या द्यायला लागला. "येऊ द्या... येऊ द्या... अजून बोटभर हाय... डावं मारा... माझं डावं न्हवं, तुमचं डावं!" उजवीकडच्याचं म्हणणं वेगळं होतं. रिक्षावाल्याचं तिसरंच. विंच कुरकुरत होता, गाडी वितावितानं वर सरकत होती, आणि एवढ्यात 'खर्रर्र' असा आवाज आला. दादा आतून ओरडले ते बोंबलायच्या जवळपासचं होतं. पण फळी सरकली होती, एवढंच. पालथ्या माणसानं फळीवर हात फिरवून 'काही झालेलं नाही' असा निर्वाळा दिला, आणि दादांपेक्षा आजूबाजूचेच जास्त हिरमुसले.

गाडी वर गेली, आणि दार उघडेना. गाडी एवढी बुटकी की दाराची खालची कड ट्रकच्या बाजूच्या लोखंडी कठड्याला जाऊन आपटणार. या कंपनीच्या बारा सिलिंडरच्या थोरल्या गाडीला कात्रीसारखी वर उघडणारी दारं असतात. हुराकानची दारं आपल्या सगळ्यांसारखी बाजूला उघडतात. थोरली न घेता ही घेतली, यात आपण व्यवहार पाहिला असं दादांना तोवर वाटत होतं. शेवटी काच खाली घेऊन आधी डोकं, मग खांदे, मग बराच वेळ पोट आणि सरतेशेवटी पाय, अशा क्रमानं दादा खिडकीतून बाहेर आले. पुतण्यानं काढलेला व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर आहे. वहिनींनी त्याला अंगठा दिलाय.

मग बांधणी. पट्टे चारही चाकांच्या टायरवरून आवळायचे, गाडीच्या अंगाला कुठं लावायचे नाहीत. अंग बांधलं की धक्क्यासरशी स्प्रिंग दबतात आणि पट्टे ढिले पडतात. दादांना वरून मखमली कव्हरही घालायचं होतं. ट्रकवाला म्हणाला, "मालक, वाऱ्यानं ते फडफडतंय. मुंबईपर्यंत रंग घासून पांढरी कराल." दादांनी मुकाट्यानं कव्हर घडी करून फॉर्च्युनरमध्ये ठेवलं.

फॉर्च्युनर? हो. गाडी ट्रकवर जाते आणि मालक ट्रकच्या मागं फॉर्च्युनरमध्ये, काचेला नाक लावून. किणी टोलला ट्रक थांबतो, कारण थोडं अंतर गेल्यावर पट्टे पुन्हा आवळावे लागतात. तिथं टोल ट्रकचा कापला जातो आणि फॉर्च्युनरचा. ज्या गाडीचा एकरकमी रोड टॅक्स भरताना दादांचा हात थरथरला होता, ती तेवढी वर बसून फुकट जाते. तिचं मीटरही हलत नाही. मीटरवर विश्वास ठेवला तर ती मुंबईला कधी गेलेलीच नाही.

पेठ नाक्याच्या अलीकडं एकदा हा लवाजमा उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकला. दोन ट्रॉल्या, वाढं लोंबकळतंय, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी, आणि दर धक्क्याला मागं पडणारं एखादं कांडं. दादा प्रत्येक कांडं मोजत होते. मला मात्र वेगळीच मौज वाटत होती. हे लॅम्बोर्गिनी घराणं मुळात ट्रॅक्टरवाल्याचं. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याचा पोरगा, त्यानं 1948 साली ट्रॅक्टरचा कारखाना काढला आणि मोटारींचा नाद 1963 साली केला. म्हणजे थोरला व्यवसाय स्वतःच्या चाकांवर ऊस ओढत पुढं चालला होता आणि धाकटा मागून ट्रकवर बसून येत होता.

पण वाढं, कांडी, धूळ हे सगळं दादा सोसतात. त्यांना सोसत नाही तो एक प्रश्न. किणीला टोलवरचा पोरगा विचारतो, "बंद पडली काय, दादा?" कराडला चहावाला विचारतो, "बंद पडली?" कोकणात निघालेलं कुटुंब काच खाली करून हळहळतं, "अरेरे, एवढी महागाची!" गाडी चालू आहे, ठणठणीत आहे, फक्त नेतोय, असं दादा सांगतात. समोरचा समजूतदारपणे मान हलवतो. अशी मान आपण घरातल्या माणसाची नोकरी गेल्यावर हलवतो. साताऱ्यात तर कहर झाला. दोन म्हातारे ट्रककडं बघत उभे होते. एक म्हणाला, "हप्ते थकले असतील. बँकेनं उचलली."

दादा रात्रभर झोपले नाहीत. पुढच्या खेपेला ट्रकच्या मागं फ्लेक्स लागला: 'गाडी चालू आहे. सर्व्हिसिंगसाठी नेत आहोत.' खाली दादांचा हात जोडलेला फोटो, त्याखाली शुभेच्छुकांचे अकरा छोटे फोटो. हा फ्लेक्स बघून कराडात दोघांनी विचारलं, "कुठल्या वॉर्डातनं उभं राहताय?"

एवढा त्रास आहे तर विकून टाका, असं एकदा मी म्हणून पाहिलं. दादांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. माझा अंदाज असा, की हा माणूस वरवर दिसतो तेवढा दुःखी नाही. ही गाडी रस्त्यावर चालली तर एसटीच्या चाकाएवढी दिसते. टेम्पोवाल्याला आरशात ती दिसतच नाही. ट्रकवर चढली की पुलावरचा, ढाब्यावरचा, शेतातला, सगळे मान वर करून बघतात. मुंबईहून येताना सर्व्हिसिंग झालेलं असतं, एक्सप्रेसवे गुळगुळीत असतो, निदान पुण्यापर्यंत तरी ती चालवत आणायला हरकत नसते. तरी दादा वाशीलाच ट्रक बोलावतात.

तर विनंती एवढीच. ट्रकवर पिवळी गाडी दिसली तर बघा, फोटो काढा, शिट्टी मारा. 'बंद पडली काय' मात्र विचारू नका. मागच्या पांढऱ्या फॉर्च्युनरची काच खाली असते आणि आत सगळं ऐकू येतं.